व्हिडिओ मोबाइलवर बसवायला प्लगइन कशाला?

सावदा_कोडर: वर्डप्रेस साइटवर यूट्यूबचा व्हिडिओ फोनवर कडेने कापला गेला, की जो तो प्लगइन (साइटला जोडायचा तयार प्रोग्राम) टाकत सुटतो. कारण साधं आहे. व्हिडिओ पानात बसवायला यूट्यूब जो एम्बेड कोड देतं, त्यात ५६० बाय ३१५ पिक्सेल माप ठोकलेलं असतं. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या दिसण्याच्या नियमांत, मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) १०० टक्के केली तर रुंदी आटते, उंची ३१५च राहते आणि वरखाली काळे पट्टे येतात. हाइट ऑटो केली तर आयफ्रेम (पानात बाहेरची गोष्ट दाखवणारी चौकट) १५० पिक्सेलवर येऊन बसते, कारण फोटोसारखं तिला स्वतःचं प्रमाण नसतं. सोबत आस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) १६/९ लिहा, झालं काम. एवढ्यासाठी प्लगइन, आणि त्याच्यामागे जेक्वेरी नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी?

धुळेकर_थीमवाला: तुमचं झालं भाऊ, गिऱ्हाइकाचं नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे व्हिडिओ लोक फोन उभा धरून काढतात. ९:१६चा व्हिडिओ १६/९च्या चौकटीत टाकला की मधोमध चिंचोळी पट्टी. शिवाय सरसकट आयफ्रेमला नियम लावलात तर गूगल मॅप आणि चौकशीचा फॉर्मही त्याच मापात कोंबला जाणार. फिटव्हिड्ससारखा प्लगइन फक्त व्हिडिओ पकडतो आणि प्रत्येकाच्या विड्थ-हाइटवरून प्रमाण काढतो.

सावदा_कोडर: पण कधी? पान उघडल्यावर. तोवर वाचणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मजकूर खाली सरकतो. 'आणखी पहा' दाबून नंतर आलेल्या व्हिडिओला तर तो हातच लावत नाही. सिलेक्टरमध्ये (नियम कशाला लागणार ते सांगणारा भाग) यूट्यूबचा पत्ता घाला, उभ्या व्हिडिओंना वेगळा क्लास (नियम लावायला दिलेलं नाव) द्या.

धुळेकर_थीमवाला: क्लास कोण देणार? रावेरचा केळीवाला?

भुसावळ_जंक्शन: दोघंही थांबा. वर्डप्रेस ५.० पासून चाइल्ड थीमच्या (मूळ थीमवर बेतलेली आपली वेगळी थीम) फंक्शन्स फाइलमध्ये 'रिस्पॉन्सिव्ह-एम्बेड्स'चा (एम्बेड पडद्याच्या मापाला जुळवणारी सोय) सपोर्ट एका ओळीत जोडता येतो. ब्लॉक थीममध्ये (सगळी ब्लॉकांनीच बनलेली थीम) तो आधीच असतो. मूळ थीममध्ये लिहू नका, पुढच्या अपडेटला पुसलं जाईल. एम्बेड ब्लॉकमध्ये नुसती लिंक टाकली की १६:९, ४:३, ९:१६ यातलं जुळणारं प्रमाण ब्लॉक स्वतः निवडतो. कस्टम एचटीएमएल ब्लॉकमध्ये कोड म्हणून चिकटवलेल्या आयफ्रेमला मात्र याचा उपयोग नाही.

धुळेकर_थीमवाला: आणि जुन्या शेकडो पोस्टींत तेच चिकटवलेलं असतं. म्हणून प्लगइन.

भुसावळ_जंक्शन: मग प्लगइन आणि हा सपोर्ट दोन्ही एकत्र चालू ठेवू नका. चौकटीत चौकट होते आणि व्हिडिओच्या वर त्याच्याएवढीच रिकामी जागा सुटते. स्वतःचा शॉर्टकोड (पोस्टमध्ये व्हिडिओच्या जागी लिहायचा छोटा कोड) वापरणारा प्लगइन तर घेऊच नका. बंद केला की प्रत्येक पोस्टमध्ये व्हिडिओच्या जागी चौकोनी कंसातला कोड उघडा पडतो.