ताईचे यजमान आणि मी: थांबावे की परतावे?

प्रश्न: ताईच्या बाळंतपणानंतर मदतीसाठी मी तिच्याकडे आले आहे. भावोजी तिच्याकडून पैशापैशाचा हिशेब घेतात, तिचा मोबाईल तपासतात, आणि मी तिची बाजू घेतली की ‘बहिणीला परत पाठव, नाहीतर तिला मारीन’ अशी धमकी तिलाच देतात. मी थांबले तर राग तिच्यावर निघतो, गेले तर ती एकटी पडते.

उत्तर १: त्यांच्याशी वाद घालू नका. ताई एकटी असताना तिला काय हवे आहे ते विचारा, कारण तुम्ही गेल्यावर त्या घरात तिलाच राहायचे आहे.

उत्तर २: कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार (२००५) केवळ मारहाणच नव्हे, तर अपमान, आर्थिक कोंडी आणि पत्नीच्या जिवलगांना इजा करण्याच्या वारंवार दिलेल्या धमक्या हीसुद्धा हिंसाच आहे. कलम ४ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला) माहिती तुम्हीही देऊ शकता, आणि कलम १७ प्रमाणे घर नवऱ्याच्या नावावर असले तरी ताईला तेथे राहण्याचा हक्क आहे. महिला हेल्पलाईन १८१ आहे.

उत्तर ३: सहमत, मात्र तिचा मोबाईल तपासला जातो, म्हणून फोन तुमच्याच मोबाईलवरून करा. ‘नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांचे कृपया ऐकू नका.