'जेलसी' म्हणजे मत्सर, संशय की आणखी काही?

आंबटगोड: भाची परदेशात गाणं शिकते. तिच्या कॉलेजात मोझार्टचा 'फिगारो' (१७८६) हा ऑपेरा बसवताहेत, त्यात ही सुझाना, काउंटच्या वाड्यातली दासी. आजी-आजोबा ऑनलाइन बघणार म्हणून मी मराठीत कथासार लिहितेय. सरांच्या टिपणात 'जेलसी हे प्रयोगाचं सूत्र' असं आहे. मी 'मत्सर' लिहिलं. आई म्हणाली, मत्सर शेजाऱ्याच्या बंगल्याचा. नवऱ्याला बायकोबद्दल येतो तो संशय. पण काउंटला दोन्ही होतं! दुसऱ्या अंकात बायकोच्या खोलीत कुणी लपलंय म्हणून दारांना कुलपं घालतो आणि आतलं दार फोडायची हत्यारं आणायला तिलाच बरोबर नेतो. तिसऱ्यात, ज्या सुझानावर याचा डोळा ती फिगारोला, स्वतःच्याच नोकराला, मिळणार म्हणून तडफडतो. एका शब्दात भागेल का?

तिरकस: नाही. पहिला संशय, दुसरा जळफळाट.

पंतोजी: कथासारात जळफळाट? 'असूया' लिहा.

अनुस्वार: असूया नव्हे. अमरकोश: 'अक्षान्तिरीर्ष्याऽसूया तु दोषारोपो गुणेष्वपि'. गुणातही खोट काढणं ती असूया. काउंट फिगारोत खोट काढत बसत नाही, त्याला नोकराचं सुख सोसत नाही, इतकंच. ती ईर्ष्या.

तिरकस: ईर्ष्या वाचून आजोबांना हिंदी मालिका आठवेल.

कडूकारलं: साधा 'हेवा' का नको? फारसी 'हवा'वरून आलाय, इच्छा या अर्थी.

अनुस्वार: संस्कृतात 'हेवाक' आहे, तीव्र इच्छा. सगळं फारसीच्या दारात नेऊन बांधू नका.

कडूकारलं: तो शब्दच संस्कृतात बाहेरून आला नसेल कशावरून?

मोरपीस: हेव्याचे दात पडलेत हो. 'तुझा हेवा वाटतो गं' ही आता शाबासकी झाली. 'हेवेदावे'त तेवढे शिल्लक आहेत. मला वेगळंच खुपतं: बायकांसाठी 'सवतीमत्सर' असा ठसठशीत शब्द, पुरुषाच्या त्याच रोगाला काहीच नाही. त्याला नुसता 'संशय', जणू पोलीस तपास चाललाय!

आंबटगोड: सवतीमत्सर पण आहे यात. पहिल्या अंकात सुझाना आणि फिगारोवर हक्क सांगणारी मार्सेलिना दाराशी 'आधी आपण', 'छे, आपणच' करत एकमेकींना ओरबाडतात. शेवटी सुझाना वय काढते, आणि मार्सेलिना फणफणत जाते.

तिरकस: अजून सवती झाल्या कुठे? एकीचं लग्न व्हायचंय, दुसरीचं नुसतं कर्जाच्या कागदावर, 'फेडलं नाही तर लग्न करीन' असं फिगारोनं लिहून दिलेलं.

पंतोजी: देवलांनी 'संशयकल्लोळ' म्हटलं, 'मत्सरकल्लोळ' नाही. यातच उत्तर आलं.

मोरपीस: फाल्गुनराव नुसता वहमी. हा काउंट स्वतः बाहेरख्याली आणि वर बायकोवर पहारा! दोघांना एकच शब्द कसा लावता?

पंतोजी: असो. ऑपेराला 'संगीत नाटक' लिहिलंत ना?

आंबटगोड: 'संगीतिका' लिहिलंय. आता ते 'जेलसी'चं…

पंतोजी: संगीतिका आकाशवाणीवरची. हे संगीत नाटकच.

अनुस्वार: संगीत नाटकात पद संपलं की गद्य सुरू. 'फिगारो'त साधं बोलणंही हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या साथीवर गाऊन होतं. एक कसं?

कडूकारलं: ऑपेराच लिहा. टेबलाला आता मेज कोण म्हणतं?

पंतोजी: आमच्याकडे मेजच म्हणतात.

कडूकारलं: म्हणा की. तेही फारसीच आहे.