घुसखोरी पकडणारं एआय की आधी बॅकअप?

वाळवंटीकाठ : जून २०२२ आठवतो? पावसाळा सुरू झालेला आणि गोव्याच्या जलसंपदा खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर. नद्यांच्या पातळीचा डेटा कुलूपबंद, किल्लीसाठी क्रिप्टोत खंडणी. तेव्हाच्या बातम्यांनुसार अँटीव्हायरस नव्हता, फायरवॉल जुनाट. आणि आपल्या कॉलेजांत प्रोजेक्ट कसले? ‘एआयने नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणे’, अचूकता ९९ टक्के! डेटा केडीडी कप ९९, म्हणजे १९९८ साली एमआयटीच्या लिंकन लॅबने प्रयोगासाठी तयार केलेलं ट्रॅफिक. बंद करा हे. पोरांना पॅच (सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणारी दुरुस्ती) लावायला, बॅकअप (डेटाची वेगळी प्रत) घ्यायला आणि तो परत चढवून बघायला शिकवा.

फोंडेकार : पॅच काय आभाळातून पडतात? वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे २०१७मध्ये पसरला, मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता. आणि त्याला लगाम बसला तो एका संशोधकाने कोड उलगडताना दिसलेलं डोमेन (वेब-पत्ता) स्वतःच्या नावावर घेतलं म्हणून.

वाळवंटीकाठ : म्हणजे पॅच होता, लावणारा नव्हता. माझंच म्हणणं झालं की हे.

रात्रपाळी : त्या ९९ टक्क्यांचा हिशेब मांडतो. दिवसाला एक लाख नोंदी, खऱ्या हल्ल्याच्या दहा. यंत्र त्या दहाही पकडेल असं धरा. पण उरलेल्यांत एक टक्का चूक म्हणजे हजारभर खोट्या बोंबा. तिसऱ्या दिवशी ड्युटीवरचा माणूस अलर्ट म्यूट करतो (करतोच!). स्टीफन आक्सेलसन या संशोधकाने हे १९९९लाच मांडलं होतं. २०१०मध्ये सॉमर आणि पॅक्सन या संशोधकांनीही विचारलं, की मशीन लर्निंग (डेटावरून स्वतः शिकणारं एआय) इतरत्र चालतं, मग प्रत्यक्ष नेटवर्कवर घुसखोर पकडायला इतकं क्वचित का वापरतात? हेसुद्धा संशोधनच, वाळवंटीकाठबाब. फक्त पोस्टरवर शोभत नाही.

फोंडेकार : मान्य. पण ताजा डेटा देणार कोण? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार लॉग (यंत्रणेवरच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचेच आहेत. नावं, आयपी पत्ते पुसून ते ताळगावच्या विद्यापीठाला द्यायला काय जातं?

रात्रपाळी : फाइल फिरत राहील, दुसरं काय. आणि कंटाळून पोरांनी स्वतःच सर्व्हर चाचपला, तर आयटी कायद्याचं कलम ४३ आहेच. मालकाच्या परवानगीविना आत शिरलात, संपलं.

वाळवंटीकाठ : लॉग खुशाल द्या. पण साखळी शहराच्या बाजारात पाणी चढतं तेव्हा दुकानदाराला नदीची पातळी कळायला हवी, शोधनिबंध नको. आधी बॅकअप.

फोंडेकार : आणि पातळीचा आकडा कुलूपबंद न करता कोणी गुपचूप दोन फुटांनी कमी करून ठेवला तर? बॅकअपमध्ये तोच जाईल.