पूररेषेतले नाशिक : गोदाघाट सांभाळणे कोणाचे काम?

गोदाकाठचा

काल ‘सातपूरकर’ यांनी लिहिले की, गोदावरीला पूर आला की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले व्यापारी सरकारच्या नावाने बोटे मोडतात. पण निळ्या पूररेषेत दुकान थाटणाऱ्याने पाण्याचीही तयारी ठेवावी, आणि घाटावरच्या देवळांची डागडुजी देवस्थानांच्या दानपेटीतून व्हावी, सातपूर-अंबडच्या कामगाराने भरलेल्या घरपट्टीतून नव्हे. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतल्या पुराची, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या शहरात या रेषांची चर्चा सुरू झाली ती सप्टेंबर 2008 च्या महापुरानंतर. नारोशंकराचे मंदिर 1747 चे, सुंदरनारायणाचे 1756 चे, आणि सरकारवाडा पेशवाईतला. ज्या वस्तीने रेषेच्या अडीचशे वर्षे आधी नदीकाठ धरला, तिला ‘तुम्ही रेषेत येऊन बसलात’ असे सुनावणे हा उफराटा न्याय झाला. 2008 नंतर ज्याने रेषेच्या आत इमारत उभी केली, आणि ज्याने त्या इमारतीच्या नकाशावर शिक्का मारला, त्या दोघांना आपण खुशाल धारेवर धरा. मी आपल्याबरोबर आहे.

शिवाय गोदावरी आता मोकळी नदी राहिलेली नाही. 1965 साली गंगापूर धरण पूर्ण झाल्यापासून रामकुंडात किती पाणी यावे, याचा निर्णय बऱ्याच अंशी धरणावरच्या दरवाजापाशी होतो. दरवाजा जलसंपदा खात्याच्या हाती, शहरातले नाले महापालिकेच्या हाती आणि इशारा देण्याचे काम जिल्हा प्रशासनाचे. यांतले काहीही दुकानदाराच्या हातात नाही. दरवाजा ज्याच्या हाती, जबाबदारीही त्याचीच.

देवळांचे म्हणाल, तर सुंदरनारायण मंदिर राज्य संरक्षित स्मारक आहे. 1960 च्या राज्य कायद्यानुसार एकदा वास्तू संरक्षित झाली की परवानगीशिवाय तिच्या एका चिऱ्यालाही हात लावता येत नाही. एका हाताने कुलूप लावायचे आणि दुसऱ्या हाताने ‘घर तुम्हीच झाडा’ म्हणायचे, हे कोणत्या न्यायात बसते? राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य असल्याचे संविधानाच्या 49 व्या अनुच्छेदात लिहिलेले आहे. तेथे दानपेटीचा उल्लेख नाही.

सातपूरकर

आपण अनुच्छेद 49 सांगितलात, मी 51 क सांगतो. वारशाचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचेही मूलभूत कर्तव्य आहे, आणि नागरिकांत सराफही येतात.

आपल्या संपूर्ण लेखात ‘सरस्वती नाला’ हे दोन शब्द नाहीत, याचे मला नवल वाटते. सराफ बाजारात अर्ध्या तासाच्या मुसळधार पावसाने गुडघाभर पाणी भरते, तेव्हा गंगापूरचे दरवाजे बंद असतात. ते पाणी गोदेचे नसून त्या नाल्याचे असते, आणि नाल्यावर ओटे कोणी बांधले, कचरा कोणी लोटला, हे मी सांगायला नको.

माझे बालपण गोदेला मिळणाऱ्या नासर्डी नदीकाठच्या वस्तीत गेले. नासर्डी फुगली की आमच्या खोलीत पाणी शिरे. आई पिठाचा डबा फळीवर ठेवी आणि आम्हा भावंडांना शेजारच्या जिन्यावर बसवी. आमच्याकडे वर्तमानपत्राचे छायाचित्रकार कधी आले नाहीत. एकदा पंचनामा झाला, त्यात आमचे घर ‘अनधिकृत’ म्हणून वगळले गेले आणि भरपाई कायमची बुडाली. आमच्या भिंतीही पाण्यानेच पडल्या होत्या, फक्त त्या काळ्या पाषाणाच्या नव्हत्या. म्हणून गोदाघाटाच्या नावाने गळा काढलेला पाहिला की मला राग येतो. सरकारने पुरापासून रक्षण करावे, हे मला मान्य आहे. परंतु ते माणूस पाहून करावे, इतिहास पाहून नव्हे.

भांडी बाजार

सातपूरकर साहेब, आपल्या आईंचे हाल वाचून वाईट वाटले, पण त्याचा सूड आमच्यावर का? 4 ऑगस्ट 2019 रोजी पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून गेले. आमच्याकडे पूर मोजायची रीत तीच आहे: मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की खालच्या फळ्या रिकाम्या करायच्या, छातीला लागले की तांब्या-पितळेचा माल दोर लावून माडीवर चढवायचा. त्या दिवशी दोर लावायला सवड मिळाली नाही. पाणी ओसरल्यावर प्रत्येक हंड्यात, प्रत्येक घंगाळात वीतभर गाळ होता. तो गाळ ओला असेपर्यंत निघतो. वाळला की पितळेला काळे डाग धरतो आणि मग तो माल मोडीच्या भावाने जातो. मला मिळालेल्या सानुग्रह अनुदानात दुकानाला रंगही लावून झाला नाही.

ओट्यांचे म्हणाल, तर काढा ना ते ओटे! आमच्या गल्लीत कोणीही आडवे येणार नाही. पण नाला उघडा करायचा की बंदिस्त ठेवायचा, त्याचा व्यास किती आणि तो नदीला कोठे मिळतो, हे ठरवणारा अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि नवा अधिकारी पुन्हा नव्याने पाहणी करतो.

निवृत्त अभियंता

दोन्ही बाजू भावनेने बोलत आहेत, म्हणून थोडे तांत्रिक. गंगापूर हे पूरनियंत्रणाचे धरण नाही. ते पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले मातीचे धरण आहे. मूळ क्षमता सुमारे 7200 दशलक्ष घनफूट होती. गाळ साचून ती 5630 पर्यंत आली आहे. त्र्यंबक-अंबोलीच्या डोंगरात एका रात्रीत धो धो पाऊस झाला आणि धरण आधीच भरलेले असले, तर अभियंत्यापुढे पाणी सोडण्यावाचून पर्याय नसतो. शिवाय धरणाच्या खाली आळंदी नदी आणि शहरातले नाले गोदेला मिळतात, त्यांच्यावर कोणताही दरवाजा नाही. ‘दरवाजा ज्याच्या हाती’ हे वाक्य ऐकायला बरे आहे, पण ते अर्धेच सत्य सांगते.

उरलेले अर्धे सत्य असे की, ऑगस्टच्या सुरुवातीला धरणात जागा रिकामी ठेवली तर शिखर विसर्ग, म्हणजे एका वेळी सोडावे लागणारे सर्वाधिक पाणी, कमी करता येतो. जलाशय परिचलन आराखडा याचसाठी असतो. कोणत्या तारखेला किती पातळी असावी, हे त्यात ठरलेले असते. तो आराखडा काटेकोरपणे पाळणे आणि शहरासाठी तो जाहीर करणे, ही निःसंशय शासनाची जबाबदारी आहे.

मखमलाबादचा शेतकरी

जागा रिकामी ठेवा म्हणणे शहरात बसून सोपे आहे. पावसाने पाठ फिरवली की ती रिकामी जागा आमच्या द्राक्षबागेच्या बोडक्यावर येते. 2005 च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या कलमावर बोट ठेवून, खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात 15 ऑक्टोबरला 65 टक्के साठा नसला की वरच्या धरणांतून पाणी सोडायला लावतात. त्याच सुमारास आमची ऑक्टोबर छाटणी होते, आणि छाटणीनंतर वेलीला पाणी मिळाले नाही तर वर्ष गेले. 2015 साली माझ्या धाकट्या भावाने टँकरने बाग जगवली आणि ते कर्ज अजून फिटलेले नाही. 102 टीएमसीचे (म्हणजे अब्ज घनफुटांचे) धरण खाली बांधून ठेवले आणि ते भरण्याची जबाबदारी आमच्या साडेपाच टीएमसीवर टाकली! पूर आला की नाशिककरांना धरण रिकामे हवे, उन्हाळ्यात नळाला पाणी नसले की भरलेले हवे.

निवृत्त अभियंता

दादा, आपला हिशेब इथेच चुकतो. ऑगस्टमध्ये गंगापूरमधून सोडलेले पाणी समुद्राला जात नाही. ते नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यावरून जायकवाडीतच पोहोचते आणि 65 टक्क्यांच्या हिशेबात जमा होते. म्हणजे पुराआधी हळूहळू सोडलेले पाणी ऑक्टोबरमधली मागणी कमी करते. शहर वाचवणे आणि बाग वाचवणे या दोन गोष्टी आपण समजता तितक्या परस्परविरोधी नाहीत.

मखमलाबादचा शेतकरी

कागदावर नाहीत. पण ऑगस्टच्या मध्यानंतर पाऊस थांबला, तर जायकवाडीतही 65 टक्के नाहीत आणि गंगापूरही रिकामे, अशी वेळ आमच्यावर आलेली आहे. तेव्हा आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, कोणाची तुटते? सराफाचे नाही, घाटावरच्या पुजाऱ्याचे नाही. आपण निवृत्तिवेतनावर आहात. आपल्याला ‘हळूहळू सोडलेले’ म्हणायला काय जाते?

निवृत्त अभियंता

माझ्या निवृत्तिवेतनाचा या विषयाशी संबंध नाही, आणि तो आपण पुन्हा काढू नये. आयुष्यातले कैक पावसाळे मी धरणावर रात्री जागून काढले आहेत. पाऊस थांबण्याची जोखीम खरी आहे, हे मी नाकारत नाही. पण ती शेतकऱ्याने आणि दुकानदाराने आपापसांत भांडून वाटून घेण्याची नसून शासनाने उचलण्याची आहे. शहराच्या रक्षणासाठी धरणात जागा ठेवली आणि नंतर पाऊस आला नाही, तर शेतकऱ्याच्या तुटलेल्या आवर्तनाची भरपाई पूरनियंत्रणाच्या खर्चातून मिळाली पाहिजे.

मखमलाबादचा शेतकरी

हे मात्र प्रथमच ऐकतो आहे. लेखी मिळाले तर विचार करू.

गढीवरची

आपण सर्व जण जायकवाडीपर्यंत वाहत गेलात, म्हणून मला मध्ये बोलावे लागते आहे. मी काझीच्या गढीवर वाढले. ही मातीची गढी गोदावरीच्या अगदी काठावर उभी आहे, आणि पावसाळ्यात तिचा कडा ढासळतो. माझ्या मावशीच्या घराची मागची भिंत आता कड्यापासून चार पावलांवर आहे. भिंतीत बोट जाईल एवढी फट पडली आहे आणि तिच्यात ती दरवर्षी शेणमाती भरते, कारण सिमेंट लावायला गेले की ‘ही संरक्षित जागा आहे’ असे सांगतात. जूनमध्ये घर रिकामे करण्याची नोटीस दाराला चिकटवतात, पाऊस वाढला की शाळेच्या खोल्यांत हलवतात आणि पाऊस ओसरला की कोणी विचारत नाही.

याच गढीत 1950-51 साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केले आणि सातवाहनांच्याही आधीच्या वस्तीचे थर उजेडात आणले. ‘माणूस पाहून करावे, इतिहास पाहून नव्हे’ असे सातपूरकर म्हणतात. आमच्याकडे माणूस इतिहासावरच राहतो आणि एकाच पुरात दोघे मिळून नदीत जातात. संरक्षक भिंतीची मागणी केली की पुरातत्त्व म्हणते परवानगी लागेल, दुसरे खाते म्हणते जागा आमची नाही, तिसरे म्हणते निधी नाही. मी स्वतः अर्ज घेऊन अशा एका कार्यालयात गेले होते. तेथल्या बाईंनी अर्ज वाचला, आवक क्रमांक टाकला आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे म्हणून तोच अर्ज माझ्या हातात परत दिला. त्याच अर्जावर क्रमांक टाकायचा आणि तोच परत करायचा, हे मला आजही समजलेले नाही.

गोदाकाठचा

ताई, मला जे म्हणायचे होते, ते आपण माझ्यापेक्षा नेमके मांडलेत. पाणी एका खात्याचे आणि दगड दुसऱ्याचे, ही विभागणीच मुळावर आली आहे. रामकुंड परिसरातल्या प्राचीन कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले, तेव्हा तो निर्णय भाविकांच्या सोयीसाठी म्हणून झाला. परिणाम असा की कुंडांतले जिवंत झरे बुजले आणि पुढे ते काँक्रीट काढण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत भांडावे लागले. स्मार्ट सिटीच्या सुशोभीकरणात घाटावरच्या जुन्या दगडी पायऱ्या उखडल्या गेल्याबद्दलही शहरात असाच वाद झाला. प्रत्येक वेळी काम करणाऱ्याकडे कार्यादेश होता, पण त्या दगडाचे वय सांगणारा माणूस जागेवर नव्हता.

पूर ओसरल्यानंतरच्या सकाळी यशवंतराव महाराज पटांगणावर जाऊन पाहा. जेसीबीच्या लोखंडी दातांनी गाळ ओढला जातो आणि प्रत्येक ओढीबरोबर पायरीची कड थोडी खरवडली जाते. नंतर त्या सांध्यांत सिमेंट भरतात. जुने चुन्याचे सांधे पाणी शोषून पुन्हा सोडतात; सिमेंट पाणी कोंडते आणि दगड मागून फुगतो. पुराने जेवढे नुकसान होत नाही, तेवढे पुरानंतरच्या साफसफाईने होते. फावडी, झाडू आणि चार दिवस जास्त दिले तर हे टळते, आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत.

सातपूरकर

गढीवरच्या ताईंचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. तेथे भिंत शासनानेच बांधली पाहिजे आणि ती बांधेपर्यंत त्या कुटुंबांना शाळेच्या खोलीत नव्हे, पक्क्या घरात ठेवले पाहिजे. गोदाकाठचा यांनी जेसीबीबद्दल लिहिलेलेही मी पाहिले आहे, त्यामुळे तेवढ्यापुरते नाकारत नाही. पण सराफ बाजाराला भरपाई आणि नासर्डीकाठाला ‘अनधिकृत’ हा शिक्का, हे माझ्या डोक्यातून जाणार नाही. 2027 च्या सिंहस्थासाठी गोदाघाटावर पैसा ओतला जाईल. त्यातला किती नासर्डी आणि वाघाडीच्या काठावर पोहोचतो, ते मी पाहणार आहे. पोहोचला नाही तर याच ठिकाणी पुन्हा लिहीन, आणि तेव्हा मला वारसा शिकवू नये.

भांडी बाजार

पाहा, अवश्य पाहा. आणि पाहताना सरस्वती नाल्याचाही हिशेब मागा. त्या अर्जावर माझीही सही घ्या.

गढीवरची

अर्ज करणार असाल तर तीन खात्यांना तीन वेगळे अर्ज देऊ नका. एकच अर्ज लिहा आणि तिन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांना एकाच दिवशी गढीवर बोलवा. जूनच्या आधी बोलवा, कारण नंतर कड्यापर्यंत जाताच येत नाही. मावशीच्या घरामागे उभे राहायला तिघांपुरती जागा अजून आहे.