रशियात धान्य होतं, मग पेत्रोग्राडमध्ये पावासाठी रांगा का?

शिकवणी_सुदामानगर (इंदूर)
नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांना रशियन क्रांती शिकवायची आहे. ‘युद्ध लांबलं, लोक उपाशी राहिले, झार गेला’ एवढ्यावर मुलांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. दोन ठिकाणी गाडी अडते. युद्धाआधी जगाला गहू विकणाऱ्या देशाच्या राजधानीत, म्हणजे पेत्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग), पाव का मिळेना? आणि १९०५ सालीही संप, गोळीबार सगळं झालं होतं. तेव्हा टिकलेला झार १९१७ साली आठ-दहा दिवसांत कसा गेला?

रामबागकर
ताई, धान्य होतं, पण ते शहरात पोचत नव्हतं. १९१४ साली तुर्कस्ताननं काळ्या समुद्रातून बाहेर पडायच्या सामुद्रधुन्या बंद केल्यावर निर्यात थांबली, म्हणजे देशात धान्य उरायलाच हवं होतं. पण कारखाने तोफगोळ्यांच्या कामाला जुंपलेले, गावात कापड, खिळे, रॉकेल काही मिळेना. दारूबंदीमुळे सरकारचं सुमारे पाव उत्पन्न बुडालं होतं, तो खर्च नोटा छापून भागवला. १९१६ मध्ये धान्याचे भाव सरकारनं बांधून दिले, बाकी वस्तू मात्र महागतच राहिल्या. छावणी मंडीत भाव पडला की माळव्यातला शेतकरी गहू घरातच ठेवतो, तसंच तिथल्या शेतकऱ्यानं केलं.

रेल्वेचा भाग मुलांना नकाशावरच दाखवा. पेत्रोग्राड उत्तरेला, धान्य दूर दक्षिणेला. शहराला लागणारा कोळसा आधी ब्रिटनहून बाल्टिक समुद्रातून जहाजानं यायचा. तो मार्ग बंद झाल्यावर दक्षिणेकडच्या दोन्येत्स खोऱ्यातला कोळसाही रुळांवरूनच आणावा लागला, आणि रुळांवर पहिला मान आघाडीकडे जाणाऱ्या गाड्यांचा. फेब्रुवारी १९१७ च्या थंडीत इंजिनांचे बॉयलर फुटले, वॅगन बर्फात अडकल्या. कधी पीठ नसे, कधी पीठ असून भट्टीला जळण नसे. त्यात रेशन लागू होणार अशी बातमी पसरली आणि जो तो साठा करू लागला.

महूवाला
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बराकीत आहे. १९०५ साली जपानशी तह झाल्यावर सरकारचे हात मोकळे झाले, आणि डिसेंबरात मॉस्कोचा उठाव सेम्योनोव्स्की या गार्ड पलटणीनं मोडून काढला. असल्या जुन्या पलटणींतली कसलेली माणसं १९१४ नंतर आघाडीवर मारली गेली. १९१७ साली पेत्रोग्राडमध्ये दीड लाखाहून जास्त शिपाई होते खरे, पण त्या राखीव तुकड्या: नवे रंगरूट आणि जखमा भरत आलेले जुने. दाटीवाटीच्या बराकी, मोजके अधिकारी आणि पुढे फक्त खंदक.

तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या देतो, आजच्यासाठी १३ दिवस मिळवा (पेपरात मुलं इथेच घोटाळा करतात). २२ फेब्रुवारीला पुतिलोव कारखान्यात टाळेबंदी. २३ ला, महिला दिनी, व्हीबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी बाहेर पडल्या आणि शेजारच्या लोखंडी कारखान्यांतल्या कामगारांना हाका मारून सोबत घेतलं. पोलिसांनी पूल अडवले, तर लोक गोठलेल्या नेवा नदीवरून चालत पलीकडे गेले! २५ ला संप शहरभर पसरला. झार मोगिल्योवच्या लष्करी मुख्यालयात होता, तिथून त्यानं राजधानीच्या फौजेचा प्रमुख जनरल खाबालोवला ‘उद्याच दंगल थांबवा’ अशी तार केली. माझ्या मते सारं फिरलं ते या तारेनं. २६ ला त्याच शिपायांना गर्दीवर गोळ्या झाडायला लावलं. २७ च्या सकाळी व्होलिन्स्की पलटणीनं आपल्या कप्तानाला ठार केलं आणि दुपारपर्यंत बाकीच्या पलटणी फुटल्या. २ मार्चला प्स्कोव्हला रेल्वेच्या डब्यात झारनं राजत्याग केला.

शिकवणी_सुदामानगर (इंदूर)
आभार, दोघांचेही. मग ऑक्टोबरची दुसरी क्रांती कशाला लागली? झार तर गेला होता.

महूवाला
युद्ध थांबलं नाही म्हणून. पेत्रोग्राड सोव्हिएतनं (कामगार-शिपायांच्या निवडलेल्या मंडळानं) १ मार्चला काढलेल्या ‘हुकूम क्रमांक १’ नं शिपायांच्या समित्या आल्या, हत्यारं समित्यांच्या ताब्यात गेली, अधिकाऱ्यांनी शिपायाला अरेतुरे करायला बंदी झाली. असं सैन्य घेऊन झारच्या जागी आलेल्या हंगामी सरकारनं जूनमध्ये चढाई केली, आणि ती कोसळली. जमिनीचा प्रश्न संविधान सभेवर ढकलला, तेव्हा शिपाई वाटणीच्या ओढीनं गावी पळू लागले. ऑक्टोबरात राजधानीतल्या पलटणींना आघाडीवर धाडायचं ठरतंय म्हटल्यावर त्या सोव्हिएतच्या लष्करी क्रांती समितीमागे गेल्या, आणि हंगामी सरकार उलथवलं ते याच समितीनं.