गुलमोहराचं वजन आणि अकरावीची बायोलॉजी

शनिवार, संध्याकाळ

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये पडलेली गुलमोहराची फांदी कडेला घेतली आहे. चार माणसं लागली. उचलून न्यायला ट्रक मंगळवारी येईल म्हणतात, तोवर तिथे गाड्या लावू नयेत. उद्या सकाळी १० ते १ पेस्ट कंट्रोल. ओटा आणि खालचे ड्रॉवर रिकामे ठेवा.

बी-५०२ मुग्धा: नमस्कार. सईने अकरावी सायन्स घेतलंय. कॉलेज सुरू व्हायला तीन आठवडे आहेत आणि बायोलॉजीचं पुस्तक उघडून ती रडकुंडीला आलीय. पहिली चार प्रकरणं नुसती नावांचीच आहेत. आधी काय वाचावं कोणी सांगेल का? क्लासवाले म्हणतात आधी फी भरा, मग सांगतो.

ए-१०१ देशमुख काका: बायोलॉजीत आधी काय नि नंतर काय. सगळी घोकंपट्टी. म्हणून तर आम्ही इंजिनिअरिंगला गेलो.

ए-६०३ ओंकार: काका, नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे असतात. मीही घोकलंच होतं. आता बी.एस्सी. करतोय, काय ते समजून घ्या.

सेक्रेटरी: हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामांसाठी आहे 🙏

बी-५०२ मुग्धा: सॉरी. साठे मॅडम बायोलॉजी शिकवायच्या आणि त्या याच ग्रुपवर आहेत, म्हणून इथे विचारलं.

सी-२०४ साठे मॅडम: सेक्रेटरी साहेब, मग मी सोसायटीच्याच कामाचं विचारते. त्या फांदीला चार माणसं लागली. देशमुख साहेब, एवढं लाकूड आलं कुठून?

ए-१०१ देशमुख काका: कुठून म्हणजे? जमिनीतून. माळी खत घालतो ना.

सी-२०४ साठे मॅडम: मग वीस वर्षांत बुंध्यापाशी विहीर व्हायला हवी होती. आळ्यातली माती तर आहे तेवढीच आहे.

ए-१०१ देशमुख काका: मुळं लांबवर जातात मॅडम. सगळीकडून थोडी थोडी ओढत असतील.

सी-२०४ साठे मॅडम: हे एकाने मोजून पाहिलंय. आजच्या बेल्जियममधला व्हॅन हेलमाँट. त्याचं लिखाण १६४८ मध्ये छापून आलं, तोवर तो गेला होता. त्याने कुंडीत २०० पौंड सुकवलेली माती घेतली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं (आपल्या वाळुंजाच्या जातकुळीतलं) आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड. माती पुन्हा सुकवून तोलली तर कमी झाली होती दोन औंस. म्हणजे साठेक ग्रॅम, मुठीत मावेल एवढी.

ए-१०१ देशमुख काका: मग पाण्यातून आलं.

सी-२०४ साठे मॅडम: तोही हेच म्हणाला आणि तिथेच चुकला. पाण्यातला हायड्रोजन झाड घेतं, पण लाकडातला कार्बन येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. पान तो ओढून घेतं, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतं आणि साखरेच्या साखळ्या जोडून लाकूड तयार होतं.

ए-१०१ देशमुख काका: म्हणजे चार माणसं हवा उचलत होती?

सी-२०४ साठे मॅडम: हवाच. पाणी पिऊन घट्ट झालेली.

बी-५०२ मुग्धा: सई इथेच बसलीय, मोठ्याने वाचतेय. विचारतेय की मग झाड जो ऑक्सिजन सोडतं तो कार्बन डायऑक्साइडमधलाच ना?

सी-२०४ साठे मॅडम: नाही गं बाळा, तो पाण्यातला. बारावीची मुलंसुद्धा इथे हटकून घसरतात. प्रश्न चांगला विचारलास. आता नीट ऐक, मोठा मेसेज लिहिते.

पुस्तकाचा क्रम सोडून दे. बालभारतीच्या ज्या पुस्तकावरून मी शिकवायचे त्यात १६ प्रकरणं आहेत. पहिली चार सजीव, वर्गीकरण, वनस्पती, प्राणी. पेशी थेट पाचवी. पुस्तक लिहिणाऱ्यांचं त्यामागे काही गणित असेल, मला ते कधीच पटलं नाही. पाहुणे दारात उभे आणि आपण त्यांना चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडकरूंची नावं सांगतोय, असं होतं ते. तू पाचव्यापासून सुरू कर आणि पेशीला तीनच प्रश्न विचार. तुझ्या आत-बाहेर काय जातं? तुला शक्ती कुठून मिळते? तुझी नक्कल कशी होते? मग बाकी प्रकरणं आपोआप कुठल्या ना कुठल्या प्रश्नाखाली जाऊन बसतात. किडनी पहिल्या प्रश्नाखाली. प्रकाशसंश्लेषण, श्वसन, पचन दुसऱ्याखाली. पेशीविभाजन आणि पुढच्या वर्षीची सगळी आनुवंशिकता तिसऱ्याखाली. वर्गीकरण सगळ्यात शेवटी वाच, दिवाळीनंतर वाचलंस तरी चालेल.

ए-६०३ ओंकार: मॅडम, शक्तीचं मला एकच आठवतं. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी, म्हणजे पेशीची शक्तीची सुटी नाणी. आमच्या सरांनी फळ्यावर चौकोनात लिहिलं होतं.

सी-२०४ साठे मॅडम: चौकोन पुसून टाक. ३८ हा कागदावरचा हिशोब. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या वीजघराच्या) पडद्यातून थोडी गळती होते, मालाची ने-आण करायलाही खर्च येतो. म्हणून आता ३० ते ३२ धरतात. परीक्षेत मात्र तुझ्या पुस्तकात जो आकडा असेल तोच लिहायचा. आकड्यापेक्षा एवढं लक्षात ठेव, की ऑक्सिजन नसेल तर तेच ग्लुकोज फक्त २ एटीपी देतं. आपल्याला दम का लागतो आणि इडलीचं पीठ हवा नसतानाही का फुगतं, दोन्हीची सुरुवात तिथून होते.

सी-३०१ नेहा: मी लॅबमधून लिहितेय, मधेच बोलते. पहिला प्रश्न मला रोज दिसतो. सलाइन ०.९ टक्के मिठाचंच का? साध्या पाण्यात रक्ताचा थेंब टाका, तांबड्या पेशी फुगून फुटतात, पाणी लाल-पारदर्शक होतं. जास्त खारट पाण्यात आक्रसून बेदाण्यासारख्या होतात.

बी-५०२ मुग्धा: सई म्हणते मग मूग रात्रभर पाण्यात असतात, ते का नाही फुटत?

सी-२०४ साठे मॅडम: कारण वनस्पतीच्या पेशीला पातळ पडद्याबाहेर भिंत असते. पाणी आत शिरतं, पेशी फुगते, भिंतीला टेकते आणि तिथेच थांबते. टायरमध्ये ट्यूब असते ना, तसं. मंडईतून आणलेली पालेभाजी मलूल झाली की आजी पाणी शिंपडायची, ती ट्यूबच भरत होती.

सई, आज रात्री एक काम कर. एकाच कच्च्या बटाट्याच्या सोलून दोन कांड्या काप, दोन्ही बरोबर ५ सेंमी. पट्टी लावून माप, अंदाजपंचे नको. एक साध्या पाण्यात, एक दोन चमचे मीठ घातलेल्या पाण्यात. सकाळी पुन्हा माप.

ए-४०१: ए विंगची टाकी वाहतेय!! कोणी मोटर बंद करा

सेक्रेटरी: केली. वॉचमनला सांगितलं आहे. बाकीच्यांनी चर्चा आवरती घ्या ही विनंती.

ए-१०१ देशमुख काका: अहो थांबा हो साहेब. मॅडम, तिसरा प्रश्न राहिला.

सी-२०४ साठे मॅडम: देशमुख साहेब, तुमच्या डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत डीएनए तोच आहे. अख्खी पोथी दोघांकडे आहे, वाचतात वेगवेगळे अध्याय. पेशी दुभंगताना पोथीची आधी नक्कल होते, ४६ गुणसूत्रांची (म्हणजे पोथीच्या खंडांची) पुन्हा ४६. ही मायटोसिस. बीजपेशी (शुक्राणू, अंडपेशी) करताना मात्र निम्मी, २३. ही मायोसिस. निम्मी झाली नसती तर पुढच्या पिढीत ९२, त्यापुढे १८४. सईने त्या आकृत्यांमधल्या टप्प्यांची नावं पाठ करायच्या आधी लोकरीचे तुकडे घेऊन हे दोन्ही प्रकार जमिनीवर मांडावेत. मी वर्गात लाल-निळी लोकर न्यायचे.

सी-३०१ नेहा: आणि मॅडम, आनुवंशिकतेतलं ते ३:१ पण सांगा, चारात तीन एका प्रकारचे आणि एक दुसऱ्या. लोक फार चुकीचं समजतात.

सी-२०४ साठे मॅडम: तूच सांग, तुझ्यासमोर माणसं बसतात.

सी-३०१ नेहा: नवरा-बायको दोघेही थॅलेसेमिया मायनर (रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचे नुसते वाहक) असले की प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर (प्रत्यक्ष आजार असलेलं) असण्याची शक्यता २५ टक्के. प्रत्येक वेळी नव्याने २५. "पहिल्याला झालं, म्हणजे आता पुढची तिघं सुटली" असं म्हणणारे मी कितीदा ऐकलेत. नाणं आधी काय पडलं ते लक्षात ठेवत नाही.

सी-२०४ साठे मॅडम: अगदी बरोबर. वाटाण्यांवर आनुवंशिकता मोजणाऱ्या मेंडेलचे आकडे पाहिले तरी कळतं. दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल वाटाणे आणि १८५० सुरकुतलेले. बरोबर तीनपट नाहीच. हजारो दाणे मोजले म्हणून तीनाच्या जवळ आलं. चार दाण्यांवर काहीच कळलं नसतं.

ए-६०३ ओंकार: झुरळ आहे का हो मॅडम अजून पुस्तकात?

सी-२०४ साठे मॅडम: अख्खं एक प्रकरण! उद्याच्या पेस्ट कंट्रोलवरून आठवलं. गोड आमिषात औषध घालून ठेवतात ना? अमेरिकेत अशी झुरळं सापडली की ती ग्लुकोजला तोंडच लावत नाहीत. ती शहाणी झाली असं नव्हे. काहींना जन्मतःच ग्लुकोज कडू लागायचं. बाकीची खाऊन मेली, ही उरली आणि पिल्लं यांचीच झाली. डार्विनने १८५९ मध्ये मांडलं ते हेच. झुरळाने ठरवून काही केलेलं नाही.

सेक्रेटरी: आपल्याकडच्या कंपनीने जेल गोड आहे असंच सांगितलं आहे. विचारून घेतो.

रविवार, सकाळ

बी-५०२ मुग्धा: सई लिहितेय आता. मॅडम, साध्या पाण्यातली ५.२ सेंमी झाली, वाकवली तर टचकन मोडली. मिठातली ४.६ आणि रबरासारखी मऊ, बोटाभोवती गुंडाळता येतेय. ग्लास रात्रीच गॅलरीत ठेवले होते, पेस्ट कंट्रोलमुळे. मीठ जरा जास्तच पडलं असेल.

ए-१०१ देशमुख काका: मी पण करून बघितलं. माझी ४.५. मीठ तीन चमचे होतं.

सी-२०४ साठे मॅडम: शाब्बास दोघांनाही. आता वहीत लिहा, पाणी कुठून कुठे गेलं आणि मीठ का नाही तितकं सहज गेलं.

बी-५०२ मुग्धा: मॅडम, मी सई. उकडलेल्या बटाट्याची कांडी ठेवली तर?

सी-२०४ साठे मॅडम: हे मी सांगणार नाही. उकडल्यावर पडद्याचं काय होत असेल याचा आधी अंदाज लिही, मग ठेव.

बी-५०२ मुग्धा: मॅडम, उद्या एकादशी आहे. घरात तीनच बटाटे उरलेत हो.

ए-१०१ देशमुख काका: माझ्याकडून दोन घेऊन जा. लिफ्ट बंद आहे, वॉचमनकडे देतो.