शेतात मिळालेला काळा काचेसारखा दगड: ऑब्सिडियन असेल का?

मलप्रभाकाठ
खानापूर तालुक्यात नांगरटीनंतर वर आलेला तुकडा आहे. ३ सेंमी लांब, मधोमध १ सेंमी जाड, काळा कुळकुळीत, फुटलेल्या बाजूवर शिंपल्यासारख्या वलयरेषा. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची नैसर्गिक काच, असेल का? असलं तर कुठल्या ज्वालामुखीतून आलं ते एक्सआरएफवर (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) कळतं म्हणतात, ते कसं?

कातळखूण
शिंपल्यासारखी फूट बाटलीच्या काचेलाही येते, लोखंडाच्या मळीलाही (लोखंड गाळताना उरणारा काचेसारखा कचरा). तेवढ्यावर जाऊ नका.

ऑब्सिडियनला ७० टक्क्यांच्या वर सिलिका असलेला, घट्ट लाव्हा लागतो, त्याचा खडक म्हणजे रायोलाइट. निपाणी-चिकोडीकडचा आपला दख्खनचा ट्रॅप (लाव्हाच्या थरांचा खडक) म्हणजे बेसाल्ट, त्यात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास. ट्रॅपमध्ये रायोलाइट आहे, पण ते पार गुजरातेत पावागडकडे किंवा मुंबईकडे. शिवाय ट्रॅप ६ कोटी ६० लाख वर्षांचा. इतक्या काळात काच पाणी शोषून स्फटिकाळते, क्वचितच टिकते. म्हणजे तुकडा खरंच ऑब्सिडियन निघाला तर तो माणसानेच लांबून आणलेला.

आधी घनता काढा. सोनाराच्या काट्यावर (०.०१ ग्रॅमचा) कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबता धरा. तळाला, काठाला टेकू देऊ नका. आता दिसणारा आकडा म्हणजे घनफळ. कोरड्या वजनाला त्याने भागा. ऑब्सिडियन २.३५ ते २.४ च्या आसपास, बाटलीची काच २.५, लोखंडाची मळी बहुतेकदा ३ किंवा वर. तुकड्याला बुडबुडे चिकटले तर घनता खोटी कमी येते, म्हणून थोडा वेळ भिजवून बोटाने पुसा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही.

झर्कोनियम
एक्सआरएफबद्दल. एका उद्रेकातली काच बऱ्यापैकी एकजिनसी असते आणि दुसऱ्या ज्वालामुखीपेक्षा तिच्यातल्या सूक्ष्म मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यावर सगळी पद्धत उभी आहे. १९६४ साली कॅन आणि रेनफ्रू या संशोधकांनी बेरियम आणि झर्कोनियम पाहून भूमध्य समुद्राभोवतीचे स्रोत वेगळे केले. आज मुख्यतः रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, इट्रियम, झर्कोनियम, नायोबियम बघतात.

चूक होते ती बहुधा नमुन्यात. २-३ मिमीपेक्षा पातळ पात्यात झर्कोनियम, नायोबियम कमी दिसतात, कारण त्यांचे जास्त ऊर्जेचे किरण खोलवरून येतात आणि तिथे दगडच नसतो. मग नुसत्या पीपीएमवर (दहा लाखांत किती भाग) न जाता गुणोत्तरं बघायची. सपाट बाजू यंत्राकडे करा, माती साध्या पाण्याने धुवा. नंबर टाकायला नेलपॉलिश लावू नका, त्यातलं टायटॅनियम आकड्यांत घुसतं. आरजीएम-२ सारखा प्रमाणित नमुना त्याच दिवशी त्याच यंत्रावर मोजलेला नसेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी तुलना करू नका.

आणि जुळवणी फक्त नमुने गोळा झालेल्या स्रोतांशीच होते. जो ज्वालामुखी यादीत नाही, त्याचं नाव उत्तरात येणारच नाही.

मूलद्रव्यांच्या अशाच जुळवणीने ग्रीसच्या फ्रांख्थी गुहेतली, सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीची काच मेलोस बेटावरची ठरली. मेलोसला पायी जाता येत नाही, म्हणजे त्या काळी माणसं होड्यांनी समुद्र ओलांडत होती. एका काळ्या पात्यातून एवढं कळतं!

मलप्रभाकाठ
कोरडं १२.६ ग्रॅम, पाण्यात आकडा ४.१. म्हणजे ३.०७. कड उजेडात धरली तर हिरवट दिसते.

कातळखूण
मग मळीच म्हणायची. ऑब्सिडियनची घनता ३ ला जात नाही, एक्सआरएफचा खर्च कशाला.

पण फेकून देऊ नका ओ. सह्याद्रीच्या पट्ट्यात धावड लोक भट्ट्यांत लोखंड गाळायचे. वावरात अशा मळीसोबत भाजून लाल झालेली, आतून काचेचा थर चढलेली माती मिळते का बघा, ती भट्टीच्या भिंतीची असते. मातीच्या फुंकनळीचे तुकडेही निघू शकतात. खणू मात्र नका. जीपीएस टिपा, पट्टी ठेवून फोटो काढा, कुठल्या सरीत किती तुकडे ते लिहा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.